मूळ मराठी पान

‘न्यू पॅरा,’ साहेब म्हणाले आणि नेहमीप्रमाणे छताकडे बघायला लागले. छताला पंखा सोडून काही नव्हतं, पण त्यांना तिथे अख्खं प्रकरण लिहिलेलं दिसतं असा वकिलांचा समज होता. मी त्यांच्या व्यासपीठाखालच्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसले होते. गुरुवार होता, दुपारचे सव्वातीन झाले होते.

इंग्रजीतून वाक्यं येत होती आणि माझ्या वहीत लघुलिपीच्या रेघोट्या उमटत होत्या. अपील फेटाळण्यात येत आहे, कॉमा, सात वर्षांची शिक्षा कायम, फुलस्टॉप. जामिनावरच्या आरोपीनं चार आठवड्यांत तुरुंगात हजर व्हावं, फुलस्टॉप. शेवटच्या बाकावर मांडीवर दुपट्ट्याची घडी घेऊन एक माणूस बसला होता. पन्नाशीचा असेल, कवडू शेंडे त्याचं नाव. त्याला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. त्यानं आपल्या वकिलाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग खाली पाहिलं. दुपट्ट्याची घडी मोडून त्यानं पुन्हा घातली.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती एकतीस वर्षं रोज चढले, म्हणजे माझ्या शहाणपणाबद्दल काही सांगायला नको. या गोष्टीला आता अठरा वर्षं होतील. तेव्हा मी उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मुकुंद केळुसकरांची लघुलेखिका होते आणि त्यांच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते.

केळुसकर साहेब वेंगुर्ल्याचे. वडील पोस्टात. हा मुलगा रस्त्याच्या दिव्याखाली वगैरे शिकला नाही, त्यांच्याकडे चांगली वीज होती, हे ते स्वतःच सांगायचे. सावंतवाडीत सहा वर्षं वकिली केली, मग परीक्षा देऊन कनिष्ठ न्यायाधीश झाले. तिथून पायरी पायरीनं चढत, अर्ध्या महाराष्ट्राचे डाक बंगले पाहत, जिल्हा न्यायाधीश आणि मग उच्च न्यायालय. एकूण चौतीस वर्षं. मोठ्या वकिलांच्या घराण्यातून थेट वर आलेले काही न्यायमूर्ती असतात, त्यांच्यात आणि यांच्यात एक फरक होता. यांना फाइलचा दोरा बांधता यायचा.

त्यांची ख्याती मात्र दुसऱ्या गोष्टीसाठी होती. निकाल राखून ठेवायचा नाही. युक्तिवाद संपला की तिथेच, भर कोर्टात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सांगायचा. मी टंकून नेला की वाचायचा आणि सही करायची. इतक्या वर्षांत सांगितलेला निकाल त्यांनी कधी मागे घेतला नव्हता. वकील मंडळी म्हणायची, केळुसकरांच्या तोंडून निघालं ते दगडावर कोरलं. साहेबांना ते ऐकू यायचं आणि आवडायचंही. माणूस देवमाणूस होता, पण देवालाही नैवेद्य लागतोच की.

मी दर्यापूरची, अस्सल वऱ्हाडी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे रुजू झाले तेव्हा पहिल्याच दिवशी मी ‘का साहेब?’ ऐवजी ‘काहून साहेब?’ म्हटलं आणि ते चष्म्यावरून माझ्याकडे बघतच राहिले. तेव्हापासून आमचा एक रिवाज पडला. साडेचारला चेंबरमध्ये त्यांचा बिनसाखरेचा चहा यायचा. मी सह्यांचे कागद पुढे ठेवायचे, आणि सह्या करता करता ते विचारायचे, ‘काय गावंडेबाई, आज कुठला शब्द?’ मी एक वऱ्हाडी शब्द द्यायचा, त्यांनी एक मालवणी द्यायचा. ‘बयताड’ म्हणजे खुळा, हा त्यांना इतका आवडला की एका वकिलाला भर कोर्टात म्हणता म्हणता राहिले. नंतर मला म्हणाले, ‘तुमच्यामुळे माझी नोकरी जायची.’

पण शब्दांचा रिवाज होता तशी एक रेघही होती. प्रकरणाबद्दल लघुलेखकानं अवाक्षर काढायचं नाही. माझ्या आधी त्यांच्याकडे एक गृहस्थ होते. टंकलेला निकाल ठेवताना ते एकदा नुसतं म्हणाले, ‘बिचारा खरा वाटतो, साहेब.’ साहेबांनी त्यांना बसवून चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची बदली रेकॉर्ड विभागात झाली. साहेब चिडले नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की न्यायाधीशाच्या कानाशी बसणाऱ्यानं तोंड उघडलं, तर वकिलांनी उभं राहून बोलायचं कशाला? मला ते पटायचं. आजही पटतं.

तर गुरुवारी संध्याकाळी मी कवडू शेंडेचा निकाल टंकायला घेतला. प्रकरण आमच्याच वऱ्हाडातलं आणि साधं होतं. नाल्यातून पाणी कुणी आधी घ्यायचं यावरून कवडूचं आणि आनंदराव नावाच्या शेजाऱ्याचं भांडण झालं. चार दिवसांनी आनंदराव नाल्याकाठी डोक्याला मार लागून पडलेला सापडला, दवाखान्यात वारला. मारताना कुणीच पाहिलं नव्हतं. भांडण सगळ्या गावानं पाहिलं होतं, पण भांडणावरून सात वर्षं देता येत नाहीत. सगळा डोलारा उभा होता शेळ्या चारणाऱ्या सरूबाईच्या साक्षीवर. त्या दिवशी कवडू त्या जागी वावरत होता, असं ती म्हणाल्याचं इंग्रजी भाषांतरात होतं. साहेबांनी तेवढ्यासाठी एक अख्खा परिच्छेद सांगितला होता. या निरक्षर, निःपक्षपाती स्त्रीनं आरोपीला घटनास्थळी आणून उभं केलं आहे. इंग्रजीत ते वाक्य फार देखणं होतं.

सरूबाईचं आडनाव इंग्रजीत दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं लिहिलेलं होतं. खरं कुठलं ते बघायला मी खालच्या कोर्टाचं मूळ बाड उघडलं. तिथली साक्ष मराठीत, कारकुनाच्या घाईच्या अक्षरात होती. आडनाव सापडलं. आणि त्याच पानावर, चार ओळी खाली, मला हे दिसलं:

‘नाल्याजवळ माणूस पडला होता. कोणी दिसलं नाही. कवडूचं वावर तिथंच होतं.’

मी ते वाचलं आणि पुढे टंकायला लागले. दोन ओळी टंकल्या, आणि हात थांबले.

आमच्याकडे वावर म्हणजे शेत. दुसरं काही नाही. वावरात जातो, वावर विकलं, वावर पेरलं. सरूबाईनं सांगितलं होतं की कवडूचं शेत तिथे आहे. कवडूला तिनं पाहिलंच नव्हतं, तसं तिनं आदल्याच वाक्यात सांगितलं होतं. पण खालच्या कोर्टाचे न्यायाधीश बाहेरचे असावेत, भाषांतर करणाराही बाहेरचा. त्यांच्या पुस्तकी मराठीत वावर म्हणजे हिंडणं-फिरणं. त्यांनी इंग्रजीत लिहिलं ‘कवडूज मूव्हमेंट वॉज देअर ओन्ली’ आणि शेत उठून माणूस झालं. गावच्या वकिलानं निकालातला सातचा आकडा वाचला आणि अपील करायला कागद शहरात पाठवले. इथला त्याचा वकील दिवाण, इंग्रजी शाळेत शिकलेला गोड मुलगा, त्यानं इंग्रजी वाचलं. सरकारी वकिलांनी इंग्रजी वाचलं. साहेबांनी इंग्रजी वाचलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. दोन वर्षं मी या माणसाला रोज एक शब्द दिला होता. बयताड दिला, काहून दिला, पोट्टा दिला. वावर दिला नाही. तो शब्द इतका रोजचा, की तो सांगण्यासारखा आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. सही झाली की संपलं. सही झालेला निकाल त्या न्यायाधीशाला स्वतःलाही बदलता येत नाही. आणि वर दिल्लीपर्यंत जायची कवडूची ऐपत आणि अक्कल, दोन्ही नव्हती. मी बोलले तर माझी बदली ठरलेली. त्याची मला फारशी भीती नव्हती, खोटं कशाला सांगू, रेकॉर्ड विभागात दुपारी झोपता येतं. मला भीती होती ती साहेबांची. त्यांच्या निवृत्तीला दोन आठवडे असताना त्यांच्या शेवटच्या निकालांतल्या एकावर त्यांच्याच माणसानं बोट ठेवायचं, तेही रेघ ओलांडून. माझं त्या माणसावर फार प्रेम होतं. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे असेल.

शुक्रवारी दुपारी मी एक युक्ती केली. टंकलेल्या निकालावर ते मूळ मराठी पान ठेवलं, त्या ओळीशी कोरी चिठ्ठी लावून. साहेबांनी पान उचललं, ‘हे चुकून आलं,’ म्हणाले आणि बाजूला ठेवलं. मग निकाल वाचायला लागले. ते एकेक पान वाचून लहान सही करत होते, आणि पूर्ण सही शेवटच्या पानावर करायचे. चौथं पान. पाचवं. एकूण नऊ होती.

चहा आला. सातव्या पानावर त्यांनी न बघताच विचारलं, ‘काय गावंडेबाई, आज कुठला शब्द?’

मी कपबशीकडे बघत म्हटलं, ‘साहेब, वेंगुर्ल्याला शेताला काय म्हणतात?’

‘शेत म्हणतात. भाताचा लहान तुकडा असेल तर कुणगो. का?’

‘आमच्याकडे वावर म्हणतात.’

आठवं पान उलटलं. लहान सही झाली. नववं पान पुढे आलं आणि त्यांचं पेन कागदावर टेकायच्या आत थांबलं.

‘काय म्हणतात?’

‘वावर. ते वावर. माझ्या वडिलांचं तीन एकर वावर होतं.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाजूला ठेवलेलं मराठी पान त्यांनी ओढून घेतलं आणि चष्मा वर करून अगदी जवळून वाचलं. मग बोटानं एका अक्षरावर टकटक केली.

‘कवडूचं,’ ते म्हणाले. ‘चा नाही. चं. हिंडणं-फिरणं असतं तर कवडूचा वावर झाला असता. हे तर व्याकरणसुद्धा ओरडून सांगतंय.’

मी चहाचा कप त्यांच्याजवळ सरकवला.

‘गावंडेबाई, तुम्ही मला या प्रकरणाबद्दल काही सांगत नाही आहात ना?’

‘नाही साहेब. मी आजचा शब्द दिला.’

‘बरं,’ ते म्हणाले. पेनाला टोपण लावलं. चहा तसाच होता. बराच वेळ ते पंख्याकडे बघत बसले, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की तिथे त्यांना काही लिहिलेलं दिसत नाही आहे. मग त्यांनी प्रकरण मंगळवारच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, लावायला सांगितलं आणि घरी गेले. रोज जाताना ‘येतो’ म्हणायचे, त्या दिवशी म्हणाले नाहीत. मी तीन दिवस बदलीच्या आदेशाची वाट पाहत काढले.

मंगळवारी वकील कुजबुजत होते. निकाल सांगून झालेलं प्रकरण केळुसकरांच्या बोर्डावर पुन्हा कसं? काहीतरी कारकुनी चूक असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. सरकारी वकील तायवाडे दुसऱ्याच प्रकरणाची फाइल चाळत उभे होते. जाडजूड, मिशाळ माणूस, परतवाड्याकडचे, म्हणजे वऱ्हाडातलेच.

साहेबांनी पुकारा होऊ दिला. मग एकदम मराठीत विचारलं, ‘तायवाडे, वावर म्हणजे काय हो?’

‘शेत, माय लॉर्ड,’ तायवाडे फाइलीतून मान वर न काढता म्हणाले.

मग त्यांनी मान वर काढली. त्यांच्या लक्षात येताना मी पाहिलं. त्यांनी टेबलावरचं कवडूच्या प्रकरणाचं बाड उघडलं, मूळ मराठी पान शोधलं, आणि उभ्या उभ्या वाचलं. तो माणूस त्या प्रकरणात तासभर सरकारची बाजू मांडून जिंकला होता. बाड मिटून ते म्हणाले, ‘माय लॉर्ड, हे मी वाचायला हवं होतं.’

‘मी आधी वाचायला हवं होतं,’ साहेब म्हणाले. ‘दिवाण, तुम्हीसुद्धा. पण निकाल तुम्ही नाही दिलात.’

मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, ‘घ्या,’ आणि मी पेन्सिल उचलली. त्या दिवशी त्यांनी छताकडे पाहिलं नाही. समोर, वकिलांकडे बघत सांगितलं. गुरुवारी सांगितलेल्या निकालावर सही झालेली नाही. तो निकाल मी मागे घेत आहे. साक्षीतला एक शब्द मला समजला नव्हता, आणि समजला नाही हेही मला समजलं नव्हतं. चूक माझी आहे. अपिलाची सुनावणी शुक्रवारी नव्यानं होईल, फुलस्टॉप. चौतीस वर्षांत त्यांनी असं कधी सांगितलं नव्हतं, आणि आवाज नेहमीचाच होता. मी शेवटची रेघोटी ओढली आणि खाली तारीख घातली. ते पान मी अजून ठेवलंय.

शुक्रवारी सुनावणीला अर्धा तास लागला. तायवाड्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्या साक्षीशिवाय सरकारकडे भांडणापलीकडे काही नाही. कवडू शेंडे निर्दोष सुटला. या वेळी दिवाणनं मागे वळून त्याला मराठीत सांगितलं, त्यामुळे त्याला वकिलाच्या तोंडावरून काही ओळखावं लागलं नाही.

साडेचारच्या आधी मी चेंबरकडे निघाले तर व्हरांड्यात तो भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. मला बघून उठला. साहेबाच्या खाली बसून लिहिते ती बाई, एवढीच माझी ओळख त्याला.

‘बाई, येक इचारू काय?’

‘इचारा ना.’

माझं बोलणं ऐकून त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ‘वकील म्हने, शब्द चुकला व्हता. म्या म्हनलं कोनता? तो म्हने, वावर. आता वावर म्हंजे वावर. येवढ्या शिकेल लोकायले वाटलं तरी काय व्हतं?’

मी सांगितलं. वावर म्हणजे तुम्ही तिथं हिंडत-फिरत होते असं त्यांनी धरलं. त्याला दोनदा सांगावं लागलं. मग तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत.

‘म्हंजे माह्यं वावरच चालत गेलं म्हना की तेथी.’

मीही हसले. हसता हसता त्यानं दुपट्टा डोळ्यांना लावला तो काढलाच नाही. दुपट्ट्याच्या आडूनच म्हणाला, ‘जामीन व्हयेपर्यंत चवदा महिने म्या आत व्हतो, बाई. तवा मात्र ते जाग्यावरून हाललं नाही. पडीत पडून राह्यलं माही वाट पाहत.’

मी त्याला पाणी आणून दिलं. दुसरं काय देणार? त्यानं ते उभ्यानं प्यायलं, ग्लास परत दिला आणि एसटी चुकेल म्हणून निघून गेला.

चेंबरमध्ये साहेबांनी नवा निकाल वाचला आणि सही केली. प्रकरण संपलं होतं, रेघ आता आड येत नव्हती, म्हणून मी त्यांना कवडूचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. वावरच चालत गेलं म्हणाला, हे ऐकून ते मनापासून हसले. चौदा महिन्यांचं ऐकून हसू थांबलं. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसायचे.

‘गावंडेबाई,’ ते म्हणाले, ‘बारा जागी बदली झाली माझी. सोलापूरकडे होतो, खानदेशात होतो, मराठवाड्यात होतो. आणि मी साक्षी वाचल्या त्या इंग्रजीतून. अशी किती वावरं चालवली असतील मी?’

‘नाही हो साहेब’ म्हणता आलं असतं, पण त्यांना ते खोटं आहे हे कळलं असतं. आणि त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमलं नसतं. मी सही झालेली पानं क्रमानं लावून दोऱ्यात बांधली. चहावर साय धरली.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. ‘सोमवारी किती अपिलं आहेत?’

‘नऊ. पुढच्या पाच दिवसांची मिळून एकतीस.’

‘सगळ्यांची मूळ मराठी पानं मागवा. आणि एक खुर्ची घेऊन इकडे बसा, माझ्या बाजूला. प्रकरणाबद्दल बोलायचं नाही. शब्द विचारला तर सांगायचा.’

त्या बाजूला मी कधी बसले नव्हते, कुणीच बसलं नव्हतं. शिपायानं बाडं आणून टेबलावर रचली. मी घरी फोन करून सांगितलं की उशीर होईल, भाकरी तुम्हीच टाका. मग खुर्ची नेऊन टेबलाच्या कडेला, जरा अंतर राखून ठेवली.

साहेबांनी पहिलं बाड सोडलं. ओळीखाली बोट धरून वाचत होते. दुसऱ्या पानावर बोट थांबलं.

‘“आरोपी धुऱ्यावर उभा होता,”’ त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे वळले. ‘धुरा? धुरा सांभाळतात, ती?’

‘नाही साहेब, धुरा म्हणजे वावराचा बांध,’ मी म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.